धरणे आंदोलन करताय? निवेदनापासून लेखी उत्तरापर्यंतचा क्रम

सांगलीत विजयनगरला जिल्हाधिकारी कार्यालयाबाहेर कामाच्या दिवशी बहुधा कुणीतरी बसलेलं दिसतं. साताऱ्यातही तेच चित्र. यातली बरीच आंदोलनं एकाच पद्धतीने संपतात. अकराला टेम्पो भरून माणसं येतात, घोषणा होतात, साहेबांच्या हातात निवेदन देतानाचा फोटो निघतो आणि दीडला टेम्पो परत निघतो. तीन महिन्यांनी गावात टँकर नसतो, रस्ताही तसाच असतो. मग पारावर बोलणं सुरू होतं, 'आंदोलनानं काय होत नाही.'

होतं. पण आपल्याकडे क्रम उलटा लागतो. आधी व्हॉट्सॲपवर तारीख पडते, मग बॅनर, मग माणसांची जुळवाजुळव आणि आदल्या रात्री मागण्यांचा कागद. खाली दिलेला क्रम गावच्या किंवा वॉर्डच्या पातळीवरच्या, पन्नास ते दोन-तीनशे माणसांच्या धरणे आंदोलनासाठी आहे. फौजदारी कलमं १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांतली आहेत. जुने १४४ (जमावबंदी) आणि १४९ (पोलिसांची ताकीद) अजून सगळ्यांच्या तोंडी आहेत, पण कागदावर आता अनुक्रमे १६३ आणि १६८ येतात.

## १. मागणी: एक, आणि ज्याची सही चालते त्याच्याकडे

पंधरा मागण्यांचं निवेदन अधिकाऱ्याला आवडतं. त्यातल्या दोन निरुपद्रवी मागण्यांवर 'कार्यवाही सुरू' असं लिहिलं की उत्तर दिल्यासारखं होतं. तुमची मागणी एका वाक्यात बसली पाहिजे आणि त्या वाक्यात काय हवं, कुठे हवं आणि कधीपर्यंत हवं हे तिन्ही आलं पाहिजे.

'आमच्या गावचा पाणीप्रश्न सोडवा' ही मागणी नाही. 'अमुक वाडीला दररोज दोन टँकर खेपा येत्या सोमवारपासून सुरू करा' ही मागणी आहे.

त्यानंतर विचारायचं, यावर सही कुणाची चालते? सगळ्यात जास्त आंदोलनं इथे वाया जातात. टँकरचंच घ्या. ग्रामपंचायतीचा ठराव पंचायत समितीत जातो, गटविकास अधिकारी आणि तहसीलदार संयुक्त पाहणी करतात, मग मंजुरी मिळते. मंजुरीचे अधिकार त्या वर्षी प्रांताधिकाऱ्यांकडे सोपवलेत की जिल्हाधिकाऱ्यांकडेच आहेत, हे तहसील कार्यालयात विचारून घ्या. जत तालुक्यातल्या गावचा प्रस्ताव पंचायत समितीतच पडून असेल आणि तुम्ही विजयनगरला बसलात, तर 'प्रस्तावच आला नाही' हे उत्तर मिळणार, आणि ते खरंही असणार.

उसाचंही तसंच. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यावी लागते, उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज लागतं. थकवणाऱ्या कारखान्यावर महसुली वसुली प्रमाणपत्र, म्हणजे आरआरसी, काढण्याचा अधिकार पुण्याच्या साखर आयुक्तांचा. त्याप्रमाणे वसुली करायची ती जिल्हाधिकाऱ्यांनी. म्हणजे आरआरसी निघाली नसेल तर मागणी आयुक्तांकडे करायची, निघूनही वसुली थांबली असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. तहसीलदारांच्या दारात 'दर वाढवा' म्हणून बसलात तर एक दिवस जातो आणि माणसं थकतात.

रस्ता असेल तर तो ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा, सार्वजनिक बांधकामचा की राष्ट्रीय महामार्गाचा, हे आधी कागदावर पाहा. गावातल्या कुणाच्या आठवणीवर विसंबू नका.

तपासा: मागणीचं वाक्य गावातल्या ज्या माणसाला या विषयाची काही माहिती नाही, त्याला वाचून दाखवा. 'हे कोण करणार?' असा प्रश्न त्याने विचारला तर वाक्य अजून अर्धवट आहे.

## २. कागद गोळा करा

निदान दोन महिने आधी सुरुवात करा. माहिती अधिकारातल्या उत्तराला ३० दिवस लागतात आणि उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करावं लागतं.

माहिती अधिकाराचा अर्ज 'नमुना अ' मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून करायचा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत हवा. 'पाणी का देत नाही' असं विचारू नका. 'का' ला माहिती म्हणून उत्तर मिळत नाही. असं विचारा: 'आमच्या ग्रामपंचायतीचा दि. … चा टँकर प्रस्ताव कोणत्या तारखेला, कोणत्या अधिकाऱ्याकडे गेला आणि त्याच्याकडे किती दिवस होता, याच्या नोंदींच्या प्रती द्याव्यात.' या एका प्रश्नाने फाईल कुठल्या टेबलावर अडली ते कळतं. राज्याच्या २००५ च्या कायद्याप्रमाणे, ज्याला आपण दप्तर दिरंगाई कायदा म्हणतो, कर्मचाऱ्याकडे फाईल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. तारखा हातात आल्या की हे कलम निवेदनात वापरता येतं. तारखा नसतील तर ते नुसतंच भाषण होतं.

ग्रामसभेचा ठराव घ्या आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून त्याची सही-शिक्क्याची प्रत घ्या. फोटो काढताना तारीख आणि ठिकाण नोंदवून ठेवा. कोरड्या विहिरीचा फोटो कुठल्याही गावचा असू शकतो. विहिरीमागे शाळेची पाटी दिसली की तो तुमच्या गावचा ठरतो.

लोकशाही दिनाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात तो होतो, पण तिथे वैयक्तिक स्वरूपाची तक्रार घेतली जाते आणि अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो. शिवाय त्याआधी तालुका पातळीवर प्रकरण गेलेलं असावं लागतं. गावच्या नावाने सामूहिक निवेदन नेलंत तर ते बाजूला पडतं. ज्याच्या घरात पाणी येत नाही अशा एका माणसाने स्वतःच्या नावाने अर्ज केला तर तो नोंदला जातो आणि पुढे संदर्भ म्हणून कामी येतो.

## ३. निवेदन आणि पोहोच

निवेदन एका पानाचं. वर विषय, त्याखाली संदर्भ (आधीचे अर्ज, ठराव, माहिती अधिकाराची उत्तरं, सगळं तारखांसह), मग तीन-चार वाक्यांत परिस्थिती, मग मागणीचं वाक्य आणि शेवटी ही ओळ: 'दि. … पर्यंत याबाबत लेखी निर्णय न कळवल्यास दि. … रोजी सकाळी ११ पासून लोकशाही मार्गाने शांततेत धरणे आंदोलन करण्यात येईल.' दोन तारखांमध्ये निदान पंधरा दिवस ठेवा. पाच दिवसांचा इशारा दिला की प्रशासनाला 'वेळच दिला नाही' म्हणायला जागा मिळते.

खाली प्रती कुणाला दिल्या ते लिहा: पोलीस अधीक्षक, तुमच्या तालुक्याचं पोलीस ठाणे, ज्या ठिकाणी बसणार तिथलं पोलीस ठाणे आणि संबंधित खातं.

निवेदन फोटोसाठी साहेबांच्या हातात द्यायला हरकत नाही. पण खरं निवेदन आवक शाखेत द्यायचं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. फोटोला आवक क्रमांक नसतो. पुढे कुणी 'निवेदन मिळालंच नाही' म्हटलं तर ही पोहोचच तुमच्या बाजूने बोलते.

सावधान: निवेदनात 'आत्मदहन करू', 'जलसमाधी घेऊ' असं कधीही लिहू नका. अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२६ खाली गुन्हा आहे. इशारा दिला की पोलीस त्या माणसाला आदल्या दिवशीच उचलतात, सगळं लक्ष त्याच्यावर जातं आणि मागणी मागे पडते. त्याहून वाईट म्हणजे कधी कधी गर्दीच्या भरात खरोखर काडी ओढली जाते. कुठल्याही मागणीसाठी माणूस गमवायचा नाही.

## ४. तारीख, जागा आणि प्रकार

शनिवार-रविवारी कार्यालय बंद असतं. शुक्रवारही टाळा, कारण संध्याकाळपर्यंत निर्णय झाला नाही तर दोन दिवस कुणीच भेटत नाही. आचारसंहितेच्या काळात बसू नका. तेव्हा नवं आश्वासन देता येत नाही हे कारण अधिकाऱ्याला आयतं मिळतं.

मग महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ३७ पाहा. ३७(१) खाली शस्त्रं, काठ्या, दगड, पुतळ्यांचं प्रदर्शन, चिथावणीखोर घोषणा यांवर मनाई येते. ३७(३) खाली जमाव आणि मिरवणुकीवर, एका वेळी पंधरा दिवसांपर्यंत. सण-उत्सव किंवा तणावाच्या काळात हे आदेश एकामागून एक निघत असतात. तुमच्या तारखेला आदेश लागू आहे का आणि परवानगी घेतलेल्या कार्यक्रमाला त्यात सूट आहे का, हे आदेशाची प्रत मिळवून स्वतः वाचा. ऐकीव माहितीवर जाऊ नका.

झेंड्याच्या काठ्या हा इथला नेहमीचा फास. जाड बांबू ३७(१) खाली 'काठी' ठरू शकतो. कापडी फलक हातात धरा. प्रतीकात्मक पुतळा जाळण्याचा बेत असेल तर सोडून द्या.

जागा ठरवताना ध्वनीचे नियम बघा. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो. विजयनगरला न्यायालय जवळच आहे, मिरजेत दवाखान्यांनी रस्ते भरलेले आहेत. अशा ठिकाणी स्पीकरशिवाय बसायची तयारी ठेवा. एरवीही स्पीकरला वेगळी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ तो बंद. मंडप घालायचा असेल तर जागेच्या मालकाची परवानगी लागते, महापालिकेच्या रस्त्याकडेला महापालिकेची.

प्रकार म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे: रास्ता रोको शक्यतो करू नका. अडकलेल्या एसटीतली बाळंतीण आणि परीक्षेला निघालेला मुलगा तुमच्या विरोधात जातो. सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या अमित साहनी निकालात सांगितलं आहे. उपोषणच करायचं तर साखळी उपोषण करा: रोज नवे पाच जण, सकाळी सरकारी डॉक्टरांकडून तपासणी. मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असलेल्यांना आणि गरोदर बायकांना त्या यादीत घेऊ नका, त्यांनी कितीही आग्रह केला तरी.

## ५. पोलीस ठाण्यातला अर्ज

शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९(१)(ख) मध्ये आहे. त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. रस्त्यावरच्या सभांचं नियमन करता येतं, पण सरसकट बंदी घालता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच हिम्मतलाल शहा प्रकरणात म्हटलं आहे. हे माहीत असावं, पण ठाणे अंमलदारासमोर भांडायला वापरू नये. तिथे अर्जच चालतो.

अर्जात लिहा: तारीख, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, नेमकी जागा, अंदाजे संख्या, वाहनं किती आणि कुठे उभी राहणार, स्पीकर आहे की नाही, तीन जबाबदार माणसांची नावं आणि मोबाईल. संख्या फुगवू नका. पाचशे लिहून साठ आले तर पुढच्या वेळी तुमचा शब्द चालत नाही, आणि उलट झालं तर बंदोबस्त अपुरा पडतो.

चार-पाच दिवस आधी गोपनीय विभागाच्या कर्मचाऱ्याचा फोन येतो. 'किती जण येणार अण्णा? पुढारी कोण येणार?' सरळ उत्तर द्या. लपवण्यासारखं काही नसेल तर लपवू नका.

आदल्या दिवशी बऱ्याचदा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची नोटीस हातात पडते. ती वाचून अर्धी माणसं घरी बसतात. ही नोटीस म्हणजे ताकीद. गुन्हा घडला तर तुम्हाला जबाबदार धरू, एवढाच तिचा अर्थ. ती सही करून घ्या, प्रत ठेवा आणि त्याच दिवशी लेखी उत्तर द्या: 'आंदोलन शांततेत होईल, स्वयंसेवक नेमले आहेत, परवानगीच्या अटी पाळू.' परवानगी नाकारली तर मात्र गोष्ट वेगळी. नकार लेखी मागा, जागा किंवा वेळ बदलून पुन्हा अर्ज करा. नकार अन्यायाचा वाटला तर वकिलाचा सल्ला घ्या. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आहे आणि सांगली-सातारा त्याच्या कक्षेत येतात, त्यामुळे आता त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

तपासा: निवेदनाची पोहोच, पोलीस परवानगी किंवा अर्जाची पोहोच, नोटीस आणि तिचं उत्तर या सगळ्याच्या झेरॉक्स दोन वेगवेगळ्या माणसांकडे आहेत ना?

## ६. माणसं आणि कामं

दर वीस-पंचवीस माणसांमागे एक स्वयंसेवक, ओळखू येईल अशा पट्टीसह. पोलिसांशी बोलणारा एकच. आत चर्चेला जाणारे पाच जण आधीच ठरलेले, त्यात किमान दोन बायका. पाणी आणायला बायका जातात आणि चर्चेला फक्त बाप्ये, हे थांबलंच पाहिजे. किती हंडे लागतात, टँकर किती वाजता आला तर उपयोग, हे त्यांना जितकं माहीत असतं तितकं कुणालाच नसतं.

पिण्याचं पाणी, सावली आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते आदल्या दिवशी जाऊन पाहा. ही सोय नसेल तर बायका दोनच तासांत उठतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव आहेत. त्यांना पुढे उभं करू नका. जमावबंदी मोडल्याचा साधा गुन्हाही चारित्र्य पडताळणीत दिसतो आणि खटला निकाली निघायला वर्षं जातात. त्यांना घरून करता येतील अशी कामं द्या: माहिती अधिकाराचे अर्ज, टायपिंग, फोटोंची नोंद. सरकारी नोकरांनी आपले वर्तणूक नियम बघूनच यावं. शाळेच्या गणवेशातली मुलं अजिबात नकोत.

## ७. फलक, घोषणा, मोबाईल

व्यक्तीवर नाही, कामावर बोला. 'अमुक साहेब चोर आहेत' हे सिद्ध करता आलं नाही तर बदनामीचा दावा, आणि मूळ विषय तिथेच संपतो. त्याऐवजी फलकावर लिहा: '१२ मार्चला मंजूर. १२ एप्रिलला टँकर नाही. का?' याला कुणी उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. जातीवरून, धर्मावरून एकही शब्द नको, माईकवरही नको आणि मागच्या रांगेतून ओरडूनही नको. तसं कुणी ओरडलं तर माईकवरच्या माणसाने तिथल्या तिथे थांबवायचं.

घोषणा पाच-सहा, आधी लिहून वाटलेल्या. व्हॉट्सॲप ग्रुप त्या दिवसापुरता 'फक्त ॲडमिन' वर ठेवा. लाठीमार झाला, कुणी मेलं अशा अफवा याच ग्रुपमधून सुटतात आणि गुन्हा पाठवणाऱ्यावर पडतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग व्हिडिओ एका माणसाने काढत राहायचं, कापलेल्या तुकड्यांचा उपयोग नसतो.

पेपरला बातमी त्याच दुपारी द्या. पहिल्या ओळीत मागणी, नावांची यादी सगळ्यात शेवटी. आपल्याकडे नेमकं उलट होतं.

## ८. ताब्यात घेतलं तर

पोलीस बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६८-६९ खाली गाडीत बसवतात आणि संध्याकाळी सोडतात. विरोध करू नका, हात झटकू नका. एका धक्क्यानेही भारतीय न्याय संहितेतलं सरकारी नोकरावर हल्ल्याचं कलम १३२ लागू शकतं, आणि ते गंभीर आहे. शांतपणे गाडीत बसा. बाहेरचा एक जण प्रत्येकाचं नाव आणि गाडी कुठल्या ठाण्याला गेली ते लिहून घेईल.

अटक झाली तर कारण विचारण्याचा, घरी कळवण्याचा आणि वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अपवादात्मक परिस्थितीतच, दंडाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीने आणि महिला अधिकाऱ्याकडूनच अटक करता येते. न वाचता कशावरही सही नको.

## ९. चर्चा आणि पत्र

दिवसभराची मेहनत या अर्ध्या तासासाठी असते. आत जाताना पत्राचा मसुदा स्वतः टाईप करून न्या. अधिकाऱ्याला कोऱ्या कागदावर लिहायला लावण्यापेक्षा तुमच्या मसुद्यात दुरुस्ती करायला लावणं सोपं असतं.

बऱ्याचदा मिळणारं पत्र असं असतं:

'आपल्या निवेदनाच्या अनुषंगाने नियमानुसार उचित कार्यवाही करण्यात येत आहे. तरी आपण आंदोलनापासून परावृत्त व्हावे.'

यात काय करणार, कोण करणार, कधी करणार, काहीच नाही. हे घेऊन उठू नका. हवं ते असं:

'मौजे … येथील टँकर प्रस्तावाची संयुक्त पाहणी दि. … रोजी तहसीलदार व गटविकास अधिकारी करतील. पात्र आढळल्यास दि. … पर्यंत मंजुरी आदेश काढण्यात येईल व त्याची प्रत ग्रामपंचायतीस देण्यात येईल.'

त्यावर जावक क्रमांक, तारीख, सही आणि पदनाम. सगळं नाही मिळालं तरी पाहणीची तारीख लेखी मिळाली, तर तेही घेण्यासारखं आहे. पण आत बसून होकार द्यायचा नाही. बाहेर यायचं, पत्र माईकवर जसंच्या तसं वाचून दाखवायचं, बसलेल्यांना विचारायचं आणि मगच आंदोलन स्थगित केल्याचं लेखी कळवायचं.

सावधान: अडीच-तीनच्या सुमारास एखादा पुढारी गाडीतून उतरतो, फोन लावतो, 'माझं बोलणं झालंय' म्हणतो आणि लिंबू-सरबत पुढे करतो. त्यांचा मान राखा, मध्यस्थीबद्दल आभार माना आणि सरबत पत्र येईपर्यंत बाजूला ठेवा.

संध्याकाळपर्यंत पत्र आलंच नाही तर काय, हे आदल्या दिवशीच ठरलेलं असावं: परवानगीची वेळ संपताना उठायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या परवानगीचा अर्ज उठण्याआधी द्यायचा. चिडलेल्या गर्दीसमोर हा निर्णय घ्यायची वेळ आणू नका.

## १०. पत्रानंतर

पत्रातल्या प्रत्येक तारखेच्या दोन दिवस आधी आठवणीचा अर्ज, तोही आवक शाखेत. पाहणी झाली की त्याच दिवशी पंचनाम्याची किंवा पाहणी अहवालाची प्रत मागा. काम झालं तर ज्या अधिकाऱ्याने केलं त्याला तसं लेखी कळवा. तारीख उलटली तर आठवड्याच्या आत पुढचं निवेदन, त्यात त्याच पत्राचा जावक क्रमांक संदर्भ म्हणून, आणि या वेळी प्रत विभागीय आयुक्त, पुणे यांनाही. दुसऱ्या फेरीत तयारीला दोन महिने लागत नाहीत, कारण कागद तयार असतो. तो फोल्डर सरपंचाच्या घरी ठेवू नका. ग्रामपंचायत बदलली की फोल्डरही जातो. गावातल्या वाचनालयात किंवा बचत गटाच्या कपाटात ठेवा आणि प्रत्येक पानाचा फोटो किमान तिघांच्या मोबाईलमध्ये असू द्या.